रिकामा कंस

"आहे की. ही काय, बेचाळिसावी ओळ. दिसत नाही का तुला?"

हे मी इतक्या जोरात म्हणाले की शेजारच्या टेबलावरचे तिकोटीकर काका दचकले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मला म्हणालात का, मॅडम?"

"नाही हो काका. या कंपायलरला."

"हे कोण?"

"मी लिहिलेला कोड तपासतो आणि मशीनला कळेल असा करून देतो. काही चुकलं की एरर दाखवतो. आता म्हणतोय, एक काम तुम्ही केलंच नाही. आणि ते केलेलं मला समोर दिसतंय."

"नेमकं काय म्हणतोय?"

"काय म्हणणार? नेहमीची बडबड."

काका उठले, वही घेऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहिले आणि स्क्रीनवरचं ते दोन ओळींचं इंग्रजी वाक्य टिंबा-कंसांसकट उतरवून घेऊ लागले. त्यांचं ते रोजचंच होतं आणि मला तेवढ्यापुरती स्क्रीन सोडून चहा प्यायला मिळायचा.

काका तेहतीस वर्षं सांगलीच्या एका छापखान्यात प्रुफं तपासत होते. छापखाना बंद पडला तेव्हा आमच्या मगदूम साहेबांनी त्यांना मिरजेला बोलावून घेतलं. साहेबांचा औद्योगिक वसाहतीत एक लहानसा कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं. दोन खोल्या, सात माणसं आणि मागं पत्र्याची शेड. तिथं आम्ही कमी दिवसांच्या बाळांसाठी काचेच्या पेट्या बनवायचो. पेटीतला कोड माझ्याकडे आणि नर्सबाईंसाठी मराठीत माहितीपुस्तिका लिहायचं काम काकांकडे. पेटीच्या स्क्रीनवर जे जे उमटेल ते पुस्तिकेत आलं पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता. कॉम्प्युटरचं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं आणि ते लपवायचा प्रयत्नही ते करत नव्हते.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. कॉलेजात ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये पहिली आलेली. त्यामुळे मलाही काही कळत नव्हतं, पण ते मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

ही २००५ च्या एप्रिलमधली गोष्ट. त्या दिवशी सकाळी दहाला डॉक्टर जमादार बाईंचा फोन आला होता. त्यांच्या दवाखान्यात पहाटे एक मुलगी जन्मली होती. साडेसात महिन्यांची, वजन साडेअकराशे ग्रॅम. त्यांच्याकडे काचेची पेटी एकच, आणि तिच्यात आधीच एक बाळ होतं. सांगलीत कुठंच जागा नव्हती, आणि कोल्हापूरपर्यंतचा प्रवास हिला झेपेल असं त्यांना वाटत नव्हतं.

"चार वाजेपर्यंत मला पेटी पाहिजे, मगदूम साहेब," त्या म्हणाल्या. फोन स्पीकरवर होता. "तोवर मी तिला कापसात गुंडाळून दिव्याखाली ठेवते. पण पेटी थंडीच्या अलार्मसकट पाहिजे. त्याशिवाय नको."

थंडीच्या अलार्मची गोष्ट अशी. पेटी फार तापली तर भोंगा वाजायचा, ते आमच्याकडे आधीपासून होतं. पण त्या वर्षी भारनियमनानं सगळ्यांचा जीव नकोसा केला होता. दिवसातून सहा-सहा तास वीज नाही. वीज गेली की पेटीची शेगडी बंद, आणि पेटी हळूहळू गार होत जाते. भोंग्याला बॅटरी होती, पण गार झाल्यावर वाजायचं त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं. जानेवारीत जमादार बाईंचं एक बाळ असंच गेलं. दुसऱ्या खोलीत नर्स एका बाईचं बाळंतपण करत होती. ती परत आली तेव्हा उशीर झाला होता. जमादार बाई स्वतः येऊन आमच्या शेडमध्ये हे सांगून गेल्या. मी तेव्हा शहाणपणानं म्हटलं होतं की आता उन्हाळाच येतोय. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वृषाली, आपल्याला घाम फुटतो ना, त्या वेळीसुद्धा हजार ग्रॅमचं बाळ गारठत असतं. आणि ते रडत नाही. त्याच्यात रडण्याइतकी ताकद नसते."

मी तो अलार्म लिहायला घेतला होता. फोन आला तेव्हा तो नव्वद टक्के झाला होता आणि मध्ये ही एरर उभी होती.

कोडची रचना सोपी होती. माझ्याआधीच्या माणसानं 'अलार्म' नावाचा एक मूळ क्लास, म्हणजे सगळ्या अलार्मांचा कच्चा आराखडा, लिहून ठेवला होता. त्यात एवढंच सांगितलेलं की प्रत्येक अलार्मला 'रिंग' करता आलं पाहिजे. कसं करायचं ते ज्यानं त्यानं आपापल्या घरी लिहावं. त्याच्या पोटी एक मूल आधीच होतं, 'हॉटअलार्म'. दुसरं मी जन्माला घातलं, 'कोल्डअलार्म', आणि त्यात 'रिंग' लिहिलं. बेचाळिसाव्या ओळीवर. कंपायलरचं म्हणणं असं, की कोल्डअलार्मचा ऑब्जेक्ट, म्हणजे त्याचं चालतं रूप, बनवता येत नाही, कारण त्याचं 'रिंग' कोरं आहे.

कोरं कसं असेल? मी ओळ पुसून परत टाइप केली. नावातली अक्षरं तपासली. फाइल बंद करून उघडली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. एरर तीच. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. मगदूम साहेब दोनदा डोकावून गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, "काय गं, जमतंय का नाही? नसंल तर तसं सांगतो बाईंना."

मग मी कॉलेजात सगळे करतात ते केलं. मूळ क्लासमध्ये जाऊन तिथल्या कोऱ्या 'रिंग'ला एक रिकामा महिरपी कंस जोडून दिला. म्हणजे काय, तर काम आहे, पण त्यात करायचं काहीच नाही. घे बाबा, आता कोरं नाही ना? कंपायलर एका झटक्यात गप्प झाला. एकही एरर नाही. मी खुर्चीत मागं रेलले आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले.

कोड पेटीत भरला. पेटी तापवली, अडतीसच्या वर आकडा गेल्याबरोबर भोंगा ठणाणा वाजला. शेडमधले सगळे हसले.

"आणि थंडीचा?" साहेबांनी विचारलं.

"तो कसा तपासणार साहेब? शेडमध्येच सदतीस आहे. पेटी छत्तीसच्या खाली जाणारच नाही."

"पण वाजंल ना?"

"वाजेल की. भोंगा तोच आहे. एरर नाही आता एकही."

साहेबांनी टेम्पोवाल्याला तीनची वेळ दिली.

दोनच्या सुमाराला मी डबा धुऊन आले, तर काका माझ्या खुर्चीशेजारी स्टूल टाकून वही उघडून बसलेले.

"मॅडम, हे सकाळचं वाक्य पुस्तिकेत कुठं घालू?"

मला हसू आलं. "ते नर्सला नाही दिसणार काका. फक्त मला दिसतं. आणि ते गेलं आता."

"गेलं म्हणजे?"

"म्हणजे एरर गेली. मी घालवली."

"मग त्याचं म्हणणं काय होतं?"

"म्हणणं असं काही नाही हो. त्याला ते 'रिंग' दिसत नव्हतं. मी वरती एक कंस घातला, तो गप्प बसला."

काका अगदी हळू आवाजात, रागावल्यासारखं नव्हे पण मास्तर बोलतात तसं म्हणाले, "आमच्याकडं एक रीत होती. तपासणाऱ्यानं समासात शंका काढली, की खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यानं ती खोडायची नाही. उत्तर द्यायचं. मग ज्यानं शंका काढली त्यानंच ती खोडायची. जुळाऱ्यानं खोडलेली दिसली तर आमचे मालक अख्ख्या फर्म्याची छपाई थांबवायचे."

"काका, हे छपाईचं काम नाही."

"ते खरं आहे. पण तुम्हीच म्हणालात, तो तपासणारा आहे." त्यांनी वही पुढं सरकवली. "पाच मिनिटं द्या मला. मी मूळ प्रत वाचतो, तुम्ही तुमच्या ओळीवर बोट ठेवून मिळवत जा. आम्ही सगळं असंच मिळवायचो. एकट्यानं वाचलं की डोळा स्वतःला पाहिजे तेच वाचतो."

मी घड्याळाकडं बघितलं. खरं सांगायचं तर मला त्यांची कीव आली. म्हातारा माणूस, त्याला वाटतंय आपण मदत करतोय. मी बेचाळिसावी ओळ उघडली आणि बोट ठेवलं.

काका वहीतून वाचू लागले. त्यांचा वाचायचा सूर वेगळा होता, एकेक खूण सुटी करून, मध्ये श्वास घेऊन.

"व्हॉइड."

"आहे."

"अलार्म. दोन टिंबं, परत दोन टिंबं."

"ते घराचं नाव आहे, ते माझ्याकडे नसणार. पुढं."

"बरं. रिंग."

"आहे."

"कंस उघडा. इंट. कंस पुरा."

"आहे. झालं."

"कॉन्स्ट," काका म्हणाले.

"काय?"

"कंस पुरा झाल्यावर एक शब्द आहे. कॉन्स्ट. तुमच्याकडे?"

माझ्याकडे कंसानंतर काही नव्हतं.

"त्यानं काय फरक पडतो काका," मी म्हणाले आणि ते म्हणता म्हणताच थांबले. कारण फरक काय पडतो ते मला माहीत होतं. परीक्षेत आठ मार्कांना लिहून आले होते. कॉन्स्ट म्हणजे वचन: मी माझं काम करीन, पण घरातल्या कुठल्याही वस्तूला हात लावणार नाही. मूळ क्लासनं ते वचन देणारं 'रिंग' मागितलं होतं. मी लिहिलेलं वचनाशिवायचं होतं. नाव एक, पण कंपायलरच्या लेखी ही दोन वेगळी कामं. मागितलेलं कोरंच होतं. आणि त्या कोऱ्या कामाला मी माझ्या हातानं रिकामा कंस घातला होता. पेटी गार झाली की प्रोग्रॅम मूळच्या 'रिंग'ला हाक मारणार, ते ओ देणार, आणि काहीच करणार नाही.

"काका," मी म्हणाले, "बर्फ कुठं मिळेल?"

"कोपऱ्यावरच्या रसवंतीत."

ते स्वतः गेले. रुमालात बांधलेला वीतभर लांब बर्फाचा तुकडा घेऊन आले. तोवर मी शेडमध्ये पेटीचं दार उघडून बसले होते. बाळाच्या अंगाला लावायचा सेन्सर, शर्टाच्या बटणाएवढा, मी बर्फावर ठेवला.

आकडे उतरू लागले. सदतीस. छत्तीस पॉइंट चार. छत्तीस. पस्तीस. इथं वाजायला हवं होतं. एकतीस. सव्वीस. शेडमधली माणसं हातातलं काम सोडून भोवती येऊन उभी राहिली होती. एकोणीस. बारा. भोंगा गप्प. मला तो आमच्यासारखाच उभा राहून बघतोय असं वाटलं. बर्फाचं पाणी फरशीवर ठिबकत होतं तेवढाच काय तो आवाज.

"आता?" साहेबांनी विचारलं. ते कधी आले मला कळलं नव्हतं.

"साहेब, माझी चूक आहे. सकाळी एरर आली होती. तिचं म्हणणं न बघता मी ती बंद केली."

ते एका खोक्यावर बसले. दवाखान्यात ते मूल दिव्याखाली कापसात होतं हे त्या शेडमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. मला वाटलं आता मला हाकलतील. हाकललं असतं तर मी एक शब्द बोलले नसते.

"किती वेळ लागंल?"

"वीस मिनिटं."

"मग बोलत काय बसलीस?"

मी धावत आत आले. काका मागोमाग येऊन स्टुलावर बसले. खरं म्हणजे मला फक्त एक शब्द घालायचा होता. पण आधी मी मूळ क्लासमधला तो रिकामा कंस काढून टाकला आणि कोड पुन्हा कंपायलरकडे दिला. मला ते वाक्य परत बघायचं होतं.

ते आलं. सकाळचंच, जसंच्या तसं. मी ते पहिल्यापासून वाचलं, काकांसारखं एकेक शब्द सुटा करून. कोल्डअलार्मचा ऑब्जेक्ट बनवता येत नाही. कारण पुढील काम त्याच्यात कोरं आहे. आणि मग ते काम, कुठल्या घरचं, काय नावाचं, काय घेणारं, शेवटी कोणतं वचन देणारं. त्यात एकही शब्द फालतू नव्हता आणि एकही कमी नव्हता.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. तोवर मी हजारो एररी बघितल्या होत्या. डास हाकलावेत तशा हाकलल्या होत्या. एकही वाचली नव्हती. ज्याला बाळ म्हणजे काय, गारठा म्हणजे काय, हे माहीत असण्याचं कारण नाही, त्यानं सकाळी दहाच्या आधीच मला सांगितलं होतं की ही पेटी गार झाली तर कुणाला हाक मारणार नाही. मी त्याच्याशी भांडले होते, त्याला वेड्यात काढलं होतं, शेवटी त्याचं तोंड बंद केलं होतं. तो जरासुद्धा न चिडता पुन्हा तेच सांगत होता. देवळात गेल्यावर मला कधी असं झालेलं नाही. त्या खोलीत, त्या गरगरणाऱ्या पंख्याखाली, मला त्या दोन ओळींसमोर मान खाली घालावीशी वाटली.

"बघा," मी काकांना म्हणाले. "बघा, तेच म्हणतोय."

"त्याचं काम आहे ते," काका म्हणाले. "आता उत्तर द्या त्याला."

मी बेचाळिसाव्या ओळीवर कंसाच्या पुढं तो एक शब्द लिहिला. कंपायलरकडे दिला. वाक्य नाहीसं झालं. या वेळी ते मी घालवलं नव्हतं, त्याचं त्यानंच मागं घेतलं होतं. काकांनी वही काढली, सकाळी उतरवलेल्या त्या दोन ओळींवर तिरकी रेघ मारली आणि खाली तारीख घातली.

बर्फाचा तुकडा वितळून लिंबाएवढा झाला होता. त्यावर सेन्सर ठेवला. सदतीस, छत्तीस पॉइंट चार, छत्तीस, पस्तीस पॉइंट नऊ. आणि भोंगा असा वाजला की पलीकडच्या गॅरेजमधला माणूस बघायला आला. मी रडत होते. मगदूम साहेब म्हणाले, "राहू दे, वाजू दे अजून थोडा वेळ."

टेम्पो चाराला पाच कमी असताना दवाखान्यात पोचला. साहेब आणि मी दोघं पेटी धरून मागं बसलो होतो. जमादार बाईंनी पेटी आधी तापवून घेतली आणि मग आतल्या खोलीतून मुलीला दोन्ही हातांत घेऊन आल्या. तिला बघण्याआधी मी साडेअकराशे ग्रॅम हा आकडा म्हणूनच ऐकला होता. तिची मूठ माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी होती. छाती हलतेय की नाही ते वाकून बघावं लागत होतं. बाईंनी सेन्सर तिच्या पोटावर चिकटवला, तर अर्धं पोट चिकटपट्टीनंच झाकलं. मुलीची आई बाजेवर उठून बसली होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही बनवली का ही पेटी, ताई?" मला हो म्हणवेना. मी साहेबांकडे बोट दाखवलं.

त्यानंतर दीडेक महिन्यानं मी पेटीची तपासणी करायला दवाखान्यात गेले. पेटी रिकामी होती. मी दारातच थांबले.

"गेली ती," जमादार बाई म्हणाल्या, आणि माझा चेहरा बघून हसल्या. "घरी गेली गं. एक्केचाळीस दिवसांनी. दीड किलोच्या वर भरली."

मी स्टूल ओढून बसले. बाईंनी नर्सची नोंदवही माझ्यापुढं ठेवली. भोंगा वाजला की दर वेळी वेळ लिहून ठेवायची, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

"तुमचा थंडीचा अलार्म अकरा वेळा वाजला," त्या म्हणाल्या. "अकराही वेळा सिस्टर पोचली. उचलून आईच्या छातीशी दिलं, वर शाल, वीज येईपर्यंत."

अकरा हा आकडा मी मनात दोन-तीनदा म्हटला. मग विचारलं, "पहिल्यांदा कधी?"

बाईंनी पान उलटलं. एकच उलटावं लागलं.

"तुम्ही आणलीत त्याच दिवशी. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी."

पेटी पोचवून त्या दिवशी मी साडेसहालाच घरी आले होते. सात वाजून दहा मिनिटांनी आमच्याकडेही वीज गेलेली होती, आणि मी आईबरोबर गच्चीवर बसून, काम फत्ते झालं म्हणून, कलिंगड खात होते.